सुपिरियरला सांगितलं म्हणजे पोलिसांना सांगितलं नव्हे

नमस्कार मंडळी, वसईहून बोलतेय. मागे घुरघुर येतेय ती शेजाऱ्यांच्या पंपाची. बावखलातलं पाणी वाडीला सोडलंय, बंद करा म्हणायची माझी छाती नाही.

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून: चर्चच्या एखाद्या संघाच्या, म्हणजे व्रत घेतलेल्या फादर-सिस्टरांच्या संस्थेच्या, शाळेत, बोर्डिंगात मुलाबाबत काही वावगं कानावर आलं तर सांगायचं कोणाला, बिशपना की प्रोव्हिन्शियलना, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांना?

आधी पटकन. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगासुद्धा. मुलांची हेल्पलाइन १०९८. झालं.

आता तो प्रश्न. धर्मप्रांताचे फादर बिशपच्या हाताखाली, संघाचे फादर, ब्रदर, सिस्टर आपापल्या सुपिरियरच्या, म्हणजे संघातल्या वरिष्ठांच्या. म्हणून गोंधळ होतो, कळतं मला. पण बिशप पोलीस नाहीत आणि प्रोव्हिन्शियलही नाहीत! कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं माहीत असेल, किंवा होईल अशी धास्ती वाटत असेल, तर पोलिसांना कळवा. ज्याला कळलं त्याने. नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, नाहीतर दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड.

‘ताई, खात्री नसेल तर?’ खात्री करायला पोलीस आहेत. चांगल्या हेतूने खबर दिलीत तर तुमच्यावर कारवाई होत नाही, तेही कलम १९ मध्येच आहे.

एका दादांनी लिहिलंय, ‘चर्चचं चर्चच्या नियमाने होऊ द्या, बदनामी कशाला?’ बरं दादा, चर्चचाच नियम घ्या. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये ‘व्होस एस्तिस लुक्स मुंदी’ हा हुकूम काढला, २०२३ मध्ये सुधारून कायम केला. फादर आणि व्रतस्थ यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांना, सहसा तिथल्या बिशपना, खबर द्यायलाच हवी, असं त्यात आहे. आणि देशाच्या कायद्याने येणारी जबाबदारी याने कमी होत नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे दोन्हीकडे सांगायचं. एकीकडे सांगून दुसरीकडचं फिटत नाही.

पापनिवेदनाचं, म्हणजे कन्फेशनचं, विचारू नका, ती गुप्तता फादरना मोडता येत नाही. पण स्वयंपाकघरात चहा पिताना ऐकलेलं पापनिवेदन नसतं. आणि सिस्टरना सांगितलेलं तर कधीच नसतं.

एवढी चिडून का बोलतेय? मी एका कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकवायचे, नाव घेणार नाही. आठवीतला एक मुलगा म्हणाला, ‘टीचर, मला खेळाच्या सामानाच्या खोलीत पाठवू नका.’ मी मोठ्या सिस्टरांकडे गेले. त्यांनी डायरीत लिहून घेतलं, चहा दिला, ‘बघते’ म्हणाल्या. मी घरी येऊन शांत झोपले. पॉक्सो तेव्हा आलेला होता. मला पत्ता नव्हता. मग सिस्टरांनी मुलाला विचारलं, क्लासटीचरने विचारलं, बाहेरून आलेल्या एका फादरनी विचारलं, मीही पुन्हा विचारलं. पाचव्यांदा तो म्हणाला, ‘काही नाही टीचर, मी खोटं बोललो.’ मुलाला ज्याची भीती होती, त्या माणसाची तीन महिन्यांनी बदली झाली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. जिथे बदली झाली, तिथेही बोर्डिंग होतं.

‘पोलीस दारात म्हणजे शोभा,’ असंही लिहिता. अहो, कलम २४ वाचा: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथे, शक्यतो महिला अधिकारी, अंगावर वर्दी नाही. मुलाचं नाव छापताही येत नाही.

परवा एका बोर्डिंगात गेले होते. फळ्यावर १०९८ चा कागद आहे म्हणाल्या सिस्टर. होता. त्याच्यावर फिस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, गायकवृंदाचं वेळापत्रक टाचलेलं. मी टाचणी काढून ते बाजूला लावलं. सिस्टर बघत होत्या, बोलल्या काही नाहीत.