जनरेटर विकायची घाई नको

नमस्कार श्रोतेहो. सातारा-कराड भागातल्या कुठल्याही मंगल कार्यालयाच्या मागं जाऊन बघा. पुढं अक्षता पडत असतात आणि मागं धुरानं काळवंडलेली भिंत, खाली डिझेलचे ओघळ. वीज गेली की जनरेटरचं ते धूड धडधडायला लागतं आणि एका लिटरमागं जेमतेम 3 ते साडेतीन युनिट देतं. डिझेल 90 रुपये धरलं तर युनिट पडलं 25 ते 30 रुपयांना. हे नुसतं इंधनाचं बरं का, सर्व्हिसिंग वेगळं.

मग कमिटीत ठराव होतो, छतावर सोलर बसवू आणि जनरेटर विकून टाकू. इथंच फसगत होते. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी बसतं ते महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर. लाइन गेली की तेही बंद, भर उन्हात! आपली वीज उलटी लाइनमध्ये जाऊन तारेवर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज आपल्या वापराच्या विजेत बदलणारं यंत्र, मुद्दाम तसाच बनवलेला असतो. वीज गेल्यावरही पंखे फिरायला हवे असतील, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइन नसतानाही पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर, लागणार. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

मला विचाराल तर सुरुवात पाण्यापासून करावी. वसतिगृहात, भक्तनिवासात पहाटे गॅसवर पाणी तापतं. 1000 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साध्या गिझरला 29-30 युनिट लागतात. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, त्याचं साधारण 10 युनिटांत भागतं. फ्रिजची मागची जाळी गरम लागते ना, तेच तंत्र. कडाक्याच्या थंडीत युनिट थोडी वाढतात, एवढंच.

स्वयंपाकाचं मात्र आचाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. भात-आमटीला मोठं इंडक्शन चालतं. पुरणपोळीचा तवा राहू दे गॅसवर.

आणि कोयना उशाशी आहे म्हणून आपली सगळी वीज पाण्याची, असंही नाही. कोयना 1960 मेगावॅटची खरी, पण लाइनमधून येणारी बरीचशी वीज कोळशाचीच. म्हणून छतावरच्या पॅनेलला अर्थ आहे. 1 किलोवॅटमागं दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. पाटण-महाबळेश्वरकडच्या संस्थांनी मात्र जुलै-ऑगस्टचे आकडे वेगळे मागून घ्यावेत. आणि हीट पंपाची ऑर्डर देण्याआधी बिलावरचा मंजूर भार बघा, म्हणजे एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे ते. तो कमी असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज आधी महावितरणकडं टाका.