थोरल्या भावाची तार

(दृश्य: माग्देबुर्गचा किल्ला, कोठडीची खिडकी)

१८४२ साल. जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या किल्ल्यात प्रशियाच्या तोफखान्यातला एक तरुण अधिकारी कैदेत आहे. गुन्हा एवढाच, की दोघांच्या द्वंद्वयुद्धात तो एकाच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला. कोठडीतच त्यानं रसायनं मागवली आणि विजेच्या साहाय्यानं चमच्यावर सोन्याचा मुलामा चढवला. प्रयोग रंगात आला आणि नेमका माफीचा हुकूम येऊन धडकला. पठ्ठ्यानं अर्ज केला, आणखी थोडे दिवस इथंच राहू द्या! निदान आपल्या आठवणींत तरी त्यानं तसं लिहून ठेवलंय.

हा वेर्नर सीमेन्स. हानोवरजवळच्या लेंथे गावचा, जन्म १८१६. वडील दुसऱ्याची जमीन खंडानं कसायचे. भावंडं चौदा. इंजिनीअर व्हायचं, तर फीला पैसे नाहीत. म्हणून तो सैन्यात गेला. १८३९ला आई गेली, पुढच्याच वर्षी वडील. धाकट्यांचं सगळं आता त्याच्या गळ्यात. त्यामुळे सोन्याचा मुलामा ही नुसती हौस नव्हती. भाऊ विल्हेल्म ती युक्ती घेऊन इंग्लंडला गेला आणि १,६०० पौंडांना विकून आला.

(दृश्य: बर्लिन, मागच्या अंगणातली कार्यशाळा)

१८४७. जोडीला यंत्रकारागीर हाल्स्के, भांडवल चुलतभावाचं, कामगार दहा. तारेनं निरोप पाठवायचं यंत्र असं, की काटा थेट अक्षरावर थांबतो. मोर्सची टिंबं-रेघा शिकायची गरजच नाही. पण जमिनीत पुरलेली तार ओलीनं निकामी व्हायची. विल्हेल्मनं लंडनहून एका झाडाचा चीक पाठवला, गट्टापर्चा. सोऱ्यातून चकली पाडावी तसा तो गरम चीक वेर्नरनं दाबून बाहेर काढला, फक्त मधोमध तांब्याची तार ठेवून. कुठं सांधा नाही, पाणी शिरायला फट नाही.

पुढं १८६६चा डायनॅमो, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र, १८७९ची बर्लिनच्या प्रदर्शनातली विजेची रेल्वे. त्या दोन्हींवर वेगळा माहितीपट करावा लागेल. आपण तारेबरोबरच जाऊ.

(दृश्य: नकाशा, लंडन ते कलकत्ता)

कारण ही तार थेट हिंदुस्थानापर्यंत आली. सुमारे ११,००० किलोमीटर: लंडन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, तिफ्लिस (जॉर्जियातलं आजचं तिबिलिसी), तेहरान. तेहरानच्या पुढं इंग्रजांच्या तारा होत्याच; इराणच्या बुशहर बंदराहून समुद्रातून कराची, जी तेव्हा मुंबई इलाख्यात होती, आणि तिथून कलकत्ता. वाटेवरच्या मोक्याच्या ठिकाणी सीमेन्सचं घरचंच माणूस. लंडनला विल्हेल्म, रशियाचा कारभार भाऊ कार्लकडे, तिफ्लिसला आणखी एक भाऊ वॉल्टर.

१८६८मध्ये, काम चालू असतानाच, वॉल्टर घोड्यावरून पडून गेला.

१२ एप्रिल १८७०. लंडनमध्ये बटण दाबलं गेलं. निरोप बर्लिनवरून गेला, वॉल्टरच्या तिफ्लिसवरून गेला, आणि २८ मिनिटांत कलकत्त्याला पोहोचला.