तक्रार करणाऱ्याचा विश्वास

बंधुभगिनींनो, संयोजक मला म्हणाले, "लोकांना धीर येईल असं काहीतरी बोला." बोलतो. पण देव गप्प का राहतो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे ते तयार असतं, त्यांची मला जरा धास्तीच वाटते.

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक घ्या. गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर गळवं उठली. राखेत बसून खापरीनं अंग खाजवणारा माणूस तिसऱ्या अध्यायात तोंड उघडतो आणि देव बोलतो तो थेट अडतिसाव्यात! मधे नुसती माणसंच बोलत राहतात. तीन मित्र समाचाराला येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, अवाक्षर काढत नाहीत. माझ्या मते त्यांचं तेवढंच चोख झालं. मग बोलायला लागले आणि घोळ झाला. तुझंच काहीतरी चुकलं असणार, पश्चात्ताप कर, देव न्यायी आहे. एकेक वाक्य कसं सोज्वळ! आपणही भेटायला जातो तेव्हा हीच वाक्यं घेऊन जातो.

आता जरा बारकाईनं बघा. मित्र बोलतात ते देवाविषयी. ईयोब मात्र मित्रांशी बोलता बोलता मधेच वळतो आणि थेट देवालाच धरतो: माझ्यावरची नजर काढशील की नाही, थुंकी गिळायला तरी उसंत दे! मित्रांपैकी एकानंही पुस्तकभरात देवाशी एक शब्द बोललेला नाही. आणि शेवटी देव त्यांनाच सुनावतो, की माझ्याविषयी ईयोब नीट बोलला, तुम्ही नाही. देवाची बाजू मांडणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. मुलं का गेली, हे मात्र देव तेव्हाही सांगत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असं विचारतो आणि रानगाढवाकडे, शहामृगाकडे बोट दाखवतो. हे वाचून माझं अजूनही पुरतं समाधान होत नाही. पण आपल्याशी कोणीतरी बोललं, एवढं ईयोबाला पुरलं असावं.

विश्वास असलेला माणूस शांतच असतो, असं आपण उगाच धरून चाललोय. बायबलमधल्याच स्तोत्रसंग्रहातलं ८८वं स्तोत्र काढा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. तेराव्याची सुरुवात 'कुठवर मला विसरणार' अशी होते आणि सहाव्या वचनात स्तोत्रकर्ता गायलाही लागतो. ८८वं वळतच नाही. शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचा. तरी हा माणूस रात्रंदिवस हाक मारतो, रोज हात पसरतो, पहाटे पुन्हा हजर. उत्तर एकदाही नाही. असं गाणं स्तोत्रसंग्रहातून कोणी वगळलं नाही, उलट सगळ्यांनी मिळून गायला ठेवलं. आपल्या गाण्यांत असं एखादं आहे का, बघा. मला तरी आठवत नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली, त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी छापून आली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. जवळपास पन्नास वर्षं देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, तरी प्रार्थना आणि सेवा चालूच. काहींना ते ढोंग वाटलं. मला नाही वाटत. ढोंगी माणूस असलं लिहून ठेवत नाही.

आणि वधस्तंभ. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली, डोंगरावर रूपांतर झालं तेव्हाही झाली. वधस्तंभावरून तो २२व्या स्तोत्राची पहिली ओळ ओरडतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" आणि वरून काहीच येत नाही. 'माझ्या' हे मात्र तो तेव्हाही सोडत नाही.

कोणी विचारेल, मग आम्ही करायचं काय? मौन लांबलं की देवाच्या वतीनं आपणच बोलायला लागतो. दार बंद झालं म्हणजे हा संकेत, आजार आला म्हणजे ही शिक्षा. हे थांबवता आलं तर बघा. राग असेल तर देवालाच सांगा. शब्द सुचत नसतील तर ८८वं मोठ्यानं वाचा. तेही जमत नसेल तर शेजारच्याला वाचायला सांगा. आणि तुम्ही शेजारचे असाल तर वाचून झाल्यावर त्याला समजवायला जाऊ नका. ईयोबाच्या मित्रांचं पुढे काय झालं ठाऊक आहे ना? देवानं त्यांना ईयोबाकडेच पाठवलं, त्यानं तुमच्यासाठी प्रार्थना करावी म्हणून.