ओढ बसली की पकड आवळते

पडद्यावर घरंगळत चाललेले हे ठिपके ई. कोलाय जिवाणूंचे, लघवीच्या मार्गात संसर्ग करणाऱ्या. खालच्या काचेवर मॅनोज या साखरेचे रेणू बसवलेत. जिवाणू जरा टेकतात, सुटतात, पुढे जाऊन पुन्हा टेकतात. आता प्रवाहाचा जोर वाढवलाय. धुऊन जायला हवेत, नाही का? पण बघा, जागच्या जागी थांबले.

हा उलटा प्रकार अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ध्यानात आला. गिनीपिगच्या तांबड्या पेशींत हे जिवाणू मिसळून मिश्रण डोलवत ठेवलं की गुठळ्या व्हायच्या; डोलवणं थांबलं की सुटायच्या. वेंडी थॉमस, एव्हगेनी सोकुरेन्को आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ते प्रसिद्ध केलं.

आणखी जवळ जाऊ. जिवाणूच्या अंगावरचे हे केस म्हणजे पिली, जाडी जेमतेम ७ नॅनोमीटर. प्रत्येकाच्या शेंड्यावर फिमएच नावाचं एकच प्रथिन, दोन भागांचं. खालचा भाग वरच्याला टेकलेला असतो तोवर साखर धरायची खोबण सैल. लघवीच्या धारेनं जिवाणू ओढला गेला की दोन्ही भाग फाकतात, वरच्याला पीळ बसतो आणि खोबण मॅनोजवर आवळते. सरफासासारखी. शिवाय पिलीचा दांडा वेटोळ्यांचा. हिसका बसला की तो उलगडतो आणि शेंड्यावरचा ताण हलका करतो.

ही सुबक षटकोनी नक्षी आपल्या मूत्राशयाच्या अस्तराची. ती युरोप्लाकिन प्रथिनांची, लघवी आत झिरपू नये म्हणून. त्यांतल्याच एकावर, युरोप्लाकिन वन-ए वर, मॅनोज असतं. जिवाणू तेच धरतो. मूत्रपिंडाकडेही तोड आहे: ते लघवीत युरोमोड्युलिन या प्रथिनाचे धागे सोडतं. मॅनोज त्यांच्यावरही असतं, त्यामुळे जिवाणू धाग्यांना चिकटून बाहेर वाहून जातात.

जे वाहून जात नाहीत ते पेशींत शिरून वाढतात. मग जळजळ, ताप, आणि विशेषतः बायकांना पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग. त्यावरच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारे ई. कोलायही वाढताहेत.

म्हणून जिवाणू मारायच्या आधी त्याची पकड सोडवायला हवी. खोबण आधीच भरून टाकायला नुसती मॅनोजची पूड घेऊन ते साधत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत तिनं संसर्ग कमी झाले नाहीत. प्रयोगशाळांत मॅनोजपासून घडवलेले मॅनोसाइड नावाचे रेणू मात्र फिमएचच्या खोबणीत मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट बसतात. उंदरांमध्ये त्यांचा गुण आलाय. या चित्रात खोबण अडवून बसलेला रेणू त्यांतलाच एक.