कॅसाव्हेटीस आणि ‘उत्स्फूर्त’ नावाची अफवा

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जॉन कॅसाव्हेटीस : नट ते दिग्दर्शक’ असा छापला असून त्याच्या तीन चित्रपटांची चर्चा करीन असे मी कळवले होते. तो शब्द मी पाळणारच आहे, मात्र त्याआधी एक जुनी तक्रार मांडू द्यावी. कॅसाव्हेटीसचे नाव निघाले की कुणीतरी हमखास म्हणते, ‘त्याचे नट कॅमेऱ्यासमोर मनाला येईल ते बोलायचे.’ दर वेळी मी वाद घालतो आणि माझा चहा गार होतो.

ही अफवा उठली त्याला तो स्वतःही काहीसा जबाबदार आहे. १९५७ च्या आरंभी तो सत्तावीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स’मध्ये शिकलेला, दूरचित्रवाणीवरील नाटकांमुळे लोकांना ठाऊक झालेला हा नट बर्ट लेनबरोबर अभिनयाची कार्यशाळाही चालवत असे. तिथल्या तालमींत आकाराला आलेल्या एका प्रसंगाचा चित्रपट करावा असे त्याच्या मनाने घेतले आणि जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ-कार्यक्रमात जाऊन त्याने श्रोत्यांकडे सरळ पैसे मागितले. आश्चर्य म्हणजे लोकांनी ते पाठवले. दोन-अडीच हजार डॉलर जमले. (आपल्या कोषाध्यक्षांनी हे टिपून घेऊ नये, वार्षिक वर्गणी मागितली तरी आपले सभासद फोन उचलत नाहीत.)

त्यातून उभा राहिलेला ‘शॅडोज’ १९५८ मध्ये दाखवला गेला, तेव्हा समीक्षक जोनास मेकसने त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. कॅसाव्हेटीस मात्र समाधानी नव्हता. त्याने पुढच्या वर्षी नवे प्रसंग लिहून काढले, बराच भाग पुन्हा चित्रित केला आणि मेकसचा रोष ओढवून घेतला. गंमत अशी, की लिहिलेल्या प्रसंगांनी दुरुस्त केलेल्या या आवृत्तीच्या शेवटीच ‘आपण आत्ता पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त होता’ अशा अर्थाची पाटी येते. ती पाटी त्याला जन्मभर चिकटली.

पुढे हॉलिवूडने त्याला बोलावले, पण ‘अ चाइल्ड इज वेटिंग’चे संकलन निर्माता स्टॅन्ली क्रेमरने त्याच्या हातून काढून घेतले. त्यानंतर त्याने सोयीचा मार्ग धरला : इतरांच्या चित्रपटांत अभिनय करायचा आणि ते पैसे स्वतःच्या चित्रपटांत घालायचे. ‘द डर्टी डझन’साठी त्याला साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर-नामांकन मिळाले, ‘रोझमेरीज बेबी’त तो नायिकेचा नवरा झाला, आणि घरातच चित्रित केलेला ‘फेसेस’ १९६८ मध्ये प्रदर्शित झाला. ‘फेसेस’ला मिळालेल्या तीन ऑस्कर-नामांकनांपैकी एक पटकथेसाठी होते. नटांनी आयत्या वेळी रचलेली पटकथा नामांकनापर्यंत कशी पोहोचते, हे मला कुणीतरी समजावून सांगावे! तो संवाद लिहीत असे. तो वाक्य कसे उच्चारायचे आणि उच्चारताना कुठे उभे राहायचे एवढेच नटावर सोपवत असे, आणि कॅमेऱ्याने नटामागे धावावे अशी त्याची अपेक्षा असे. नाटकाची तालीम पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटू नये.

समोरून चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली आहेत. ‘फेसेस’विषयी बोललो असे समजून राहिलेले दोन चित्रपट घाईनेच सांगतो.

‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ मुळात पत्नी जीना रोलंड्ससाठी नाटक म्हणून लिहिला होता. ही भूमिका रोज रात्री रंगमंचावर करणे झेपणार नाही, असे तिने सांगितल्यावर त्याचा चित्रपट झाला. त्यासाठी घर गहाण पडले, त्यातला नट पीटर फॉकने स्वतःचे पैसे घातले, आणि वितरक न मिळाल्याने १९७४ मध्ये कॅसाव्हेटीसने वितरणही स्वतःच केले. दिग्दर्शक आणि अभिनेत्री, दोघांनाही ऑस्कर-नामांकन मिळाले.

‘ओपनिंग नाइट’ (१९७७) तर थेट नाटकाच्या विंगेतच घडतो. वयाला भ्यालेली नटी लिहिलेली भूमिका नाकारत राहते आणि शेवटी प्रेक्षकांसमोर सहनटाबरोबर संहिता बाजूला सारून बोलू लागते. तो सहनट स्वतः कॅसाव्हेटीसच आहे. माझ्या तक्रारीचे सगळे उत्तर या प्रवेशात असल्यामुळे तो आज सविस्तर उलगडायचा होता. अमेरिकेत या चित्रपटालाही वितरक मिळाला नाही. तो तिथे रीतसर प्रदर्शित झाला १९९१ मध्ये, कॅसाव्हेटीस जाऊन दोन वर्षे झाल्यावर.