गडगडाट कोणी ऐकला?

[पडद्यावर हवामान अहवालाची एक ओळ. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं.]

अमेरिकेतल्या विमानतळांवरून दर तासाला अशी एक ओळ बाहेर पडते. यातली दोन अक्षरं बघा : टीएस. म्हणजे विमानतळावर गडगडाटी वादळ आहे. आता त्याच ओळीत थोडं पुढे या : सीएलआर. म्हणजे आकाश निरभ्र.

[कॅमेरा वर वळतो. डोक्यावर निळं आकाश, दूर पश्चिमेला ऐरणीच्या आकाराचा प्रचंड ढग.]

आणि आकाश असं. यंत्राने यात काहीही खोटं सांगितलेलं नाही. ढग मोजणारं उपकरण सरळ वर बघतं, आणि वर ढग नाहीत. विजेची बातमी दुसरीकडून आली, आणि ती वीज आखून दिलेल्या वर्तुळाच्या आतच पडली. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त त्या शेजारीशेजारी वाचताना वैमानिकाने नेमकं काय समजायचं, हे कोणी ठरवलेलं नाही.

[धावपट्टीच्या कडेचं गवत. कुंपणाच्या आत पांढऱ्या खांबांची रांग.]

हा ताफा म्हणजे एएसओएस, अमेरिकेची स्वयंचलित हवामान निरीक्षण यंत्रणा. तिथली राष्ट्रीय हवामान सेवा, विमान वाहतूक प्रशासन आणि संरक्षण खातं यांनी मिळून ती उभारली. १९९१ पासून ती बसवायला सुरुवात झाली, आणि आज देशभरात तिची ९०० हून जास्त केंद्रं आहेत. एकेक उपकरण जवळून बघू.

[क्लोजअप : तिरप्या काचेचा डबा.]

हा सीलोमीटर. लेसरचे ठोके वर सोडायचे आणि ढगावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून ढगाची उंची काढायची, हे त्याचं काम. अहवालासाठी तो १२,००० फुटांपर्यंतचे ढग धरतो. त्यावर काही असलं तरी त्याच्या लेखी आकाश मोकळं. गेल्या ३० मिनिटांत डोक्यावरून जे सरकलं त्यावरून तो आकाश किती झाकलंय हे ठरवतो, शेवटच्या १० मिनिटांना जरा जास्त वजन देऊन. ढग वादळाचा आहे की साधा, हे त्या लेसरला कळत नाही.

[क्लोजअप : बोटाएवढी धातूची कांडी.]

ही कांडी गोठणारा पाऊस ओळखते. ती सेकंदाला ४०,००० वेळा थरथरत असते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बर्फाचा पातळसा थर चढला की कांडी जड होते आणि कंपनं मंदावतात. तेवढ्यावरून यंत्र ओळखतं की बर्फ धरायला लागलाय. भारी कल्पना आहे, मान्य करायलाच हवं.

[दोन भिंगं समोरासमोर, मधून पावसाचे थेंब.]

आणि हा अवरक्त किरणांचा झोत. मधून थेंब पडला की प्रकाश एका पद्धतीने लुकलुकतो, हिमकण पडला की वेगळ्या. पाऊस आणि बर्फ त्यावरून वेगळे काढले जातात.

वारा, दृश्यमानता, दाब, तापमान, सगळ्याची सोय आहे. आता या खांबांमध्ये, डब्यांमध्ये, भिंगांमध्ये कान शोधून दाखवा. संपूर्ण ताफ्यात एकही मायक्रोफोन नाही.

[जुन्या पद्धतीची निरीक्षक-खोली. खिडकी, घड्याळ, नोंदवही.]

गडगडाटी वादळाची व्याख्या मुळात कानावरच उभी आहे. निरीक्षकाने गडगडाट ऐकला, की त्या मिनिटाला वादळ सुरू. विमानतळाच्या गोंगाटात ऐकूच येत नसेल तर जवळपास चमकलेली वीज किंवा पडणारी गार चालते. शेवटचा गडगडाट होऊन १५ मिनिटं काही ऐकू आलं नाही, की वादळ संपलं. ओळीच्या शेवटी येणाऱ्या शेऱ्यात तशी वेळ पडते : अमुक मिनिटाला सुरू, तमुक मिनिटाला बंद.

[रात्र. एक निरीक्षक दार उघडून बाहेर येतात, दिव्याकडे पाठ करून उभे राहतात.]

रात्रीच्या पाळीत निरीक्षक असे बाहेर येतात. आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग बघायचं. नियमपुस्तकं हेच सांगतात, आणि पुस्तक न उघडताही जुनी माणसं हेच करतात. उजेड पडला, की मनातल्या मनात सेकंद मोजायला सुरुवात. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण तीन सेकंद लागतात. नऊ सेकंदांनी गडगडलं, तर वीज तीन किलोमीटरवर होती. याला ना लेसर लागतो ना परवाना.

[देशाचा नकाशा. त्यावर विखुरलेले अँटेनाचे ठिपके.]

यंत्राला कान नाही म्हणून त्याने शेजाऱ्याला विचारायचं ठरवलं. हा शेजारी म्हणजे राष्ट्रीय वीजशोध जाळं. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या ऑल्बनीमधल्या संशोधकांनी ते सुरू केलं, आणि १९८९ मध्ये ते सलग अमेरिकाभर पसरलं. वीज जमिनीवर पडते तेव्हा रेडिओलहरींचा एक जोरदार धक्का बसतो. शेकडो किलोमीटरवरचे अँटेना तो टिपतात. कोणत्या दिशेने आला, आणि कोणत्या क्षणी आला, ही दोन उत्तरं जुळवली की वीज पडल्याची जागा निघते. घड्याळं जीपीएसने जुळवलेली. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, त्यामुळे इथे वेळेत कसर चालत नाही. जागेचा अंदाज बहुतेक वेळा काहीशे मीटरच्या आत बसतो.

[नकाशा एका विमानतळावर उतरतो. तीन वर्तुळं उमटतात.]

विजेची ही बातमी विमानतळाच्या यंत्रापर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेचं नाव अल्डार्स. तिच्या मते जग तीन वर्तुळांचं आहे. विमानतळाच्या ठरलेल्या बिंदूपासून पाच सागरी मैलांत, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरच्या आत वीज पडली, तर टीएस : वादळ विमानतळावर. पाच ते दहा मैलांत पडली, तर व्हीसीटीएस : वादळ आसपास. दहा ते तीस मैलांत, तर शेऱ्यात नुसती दिशा : दूरवर वीज, अमुक दिशेला.

माणसाला विचारलेला प्रश्न होता, गडगडाट ऐकलात का? यंत्राला विचारलेला प्रश्न आहे, वर्तुळात वीज पडली का? दोघांचं उत्तर मात्र अहवालात त्याच दोन अक्षरांत उमटतं.

[रात्रीचं टाइमलॅप्स. ढग आतून उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. जमिनीपर्यंत एकही रेघ येत नाही.]

हे दृश्य सावकाश बघा. आमच्या सगळ्या चित्रीकरणात यापेक्षा बोलकं काही नाही. ढग आतून पेटतोय आणि खाली काहीच येत नाहीये. जगातल्या एकूण विजांपैकी साधारण तीन चतुर्थांश विजा अशा ढगातल्या ढगातच संपतात. वादळ तयार होत असताना सुरुवातीची मिनिटं बहुधा अशीच जातात : आधी ढगातली चमक, आणि जमिनीवरची पहिली वीज त्यानंतर काही मिनिटांनी. अमेरिकेच्या उंच पठारी मैदानांवर तर काही वादळं अशी असतात की ढग सारखा लखलखत राहतो आणि जमिनीवर मोजक्याच विजा येतात.

अल्डार्सची मूळ मांडणी मोजते ती जमिनीवरची वीज. म्हणजे समोर हे चाललेलं असताना, खिडक्यांची तावदानं थरथरत असताना, अहवालात टीएस नसण्याची पूर्ण शक्यता आहे. वीजशोधाची जाळी आता ढगातली वीजही बऱ्यापैकी पकडतात. पण तंत्र पुढे गेलं म्हणून नियम आपोआप पुढे जात नाही.

[एकच लांब वीज क्षितिजाला समांतर पळते. स्लो मोशन.]

ही बघा, आडवी वीज. जाळं हिची जागा कुठे टाकणार? जिथे ती जमिनीला टेकली तिथे. टेकली पंधरा किलोमीटरवर, पण तिची वाट विमानतळाच्या डोक्यावरून गेली, तर डोक्यावर गडगडाट कोसळेल आणि ओळीत येईल "आसपास". विजेला वर्तुळं माहीत नसतात. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेक्सासच्या पूर्व भागापासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत पसरलेली एकच वीज ८२९ किलोमीटर लांब होती. जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये हा विक्रम म्हणून मान्य केला. असल्या विजेची अहवालातली जागा काय, हे ज्याने त्याने ठरवावं.

[आलेख : रेडिओ धक्क्यांच्या रेषा. एक लहान टोक वेगळ्या रंगात.]

उलट्या बाजूनेही चुका होतात. हे छोटं टोक जाळ्याला जमिनीवरच्या धन विजेसारखं, म्हणजे धन विद्युतभार खाली आणणाऱ्या विजेसारखं दिसतं, पण ताकद अगदी कमी. तज्ज्ञ फार पूर्वीपासून सांगत आलेत की १० ते १५ किलोअँपिअरच्या खालच्या अशा धन नोंदी बहुतेक ढगातल्याच विजेच्या असतात, जाळं त्यांना चुकून जमिनीवर उतरवतं. वर्तुळात अशी एक नोंद पडली, की टीएस लागलं. आणि एकदा लागलं की १५ मिनिटांचं घड्याळ सुरू. वादळ मंदावलं आणि दोन विजांमध्ये सोळा मिनिटं गेली, तर अहवालात वादळ संपतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. प्रत्येक खेपेला नवा विशेष अहवाल, नवी वेळ. शेरा वाचणाऱ्याला वाटतं दोन वादळं होऊन गेली.

[एका खांबावर छोटी नळकांडी. त्यावर पाणी ओघळतंय.]

काही केंद्रांवर विजेचा हा स्वतंत्र संवेदक आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश, एखाद्या मोटरची ठिणगी यांनी फसू नये म्हणून तो उजेड आणि विद्युतक्षेत्रातला बदल दोन्ही एकदम मागतो. सगळ्या ताफ्यात कानाच्या सर्वांत जवळचा नातेवाईक हाच. मोठ्या प्रमाणावर मात्र काम अल्डार्सवर सोपवलं गेलं.

[पुन्हा अहवालाची ओळ. शेवटची चार अक्षरं ठळक होतात.]

आता सगळ्यांत कमी वाचला जाणारा भाग. ओळीच्या शेपटाला कधीकधी येतं : टीएसएनओ. संवेदक बंद आहे किंवा जाळ्याची बातमी येत नाहीये, तेव्हा यंत्र असे हात वर करतं. वादळ आहे की नाही, ठाऊक नाही. पण ओळीच्या मधल्या भागात टीएस नसतं, आणि घाईत वाचणारा मधलाच भाग वाचतो. "माहीत नाही" आणि "नाही" यांत फरक राहतो तो फक्त या चार अक्षरांपुरता. लहान धावपट्ट्यांवरच्या दुसऱ्या यंत्रणेत, एडब्ल्यूओएसमध्ये, वादळाची सोय हा वेगळा घ्यायचा भाग आहे. तो घेतला नसेल तर मुळात प्रश्नच विचारला जात नाही.

[रॅम्प, म्हणजे विमानं उभी राहतात ती जागा. इंधनाचा ट्रक थांबलेला, कर्मचारी आडोशाला.]

चुकीच्या टीएसने कामं खोळंबतात, राहून गेलेल्या टीएसने माणसं उघड्यावर राहतात.

[जेट विमान उड्डाण घेतं. आवाज.]

माणूस चुकत नाही असं नाही. या आवाजात गडगडाट ऐकून दाखवा. दुहेरी काचेच्या बंद खोलीत बसलं की दहा किलोमीटरवरचं काही कानावर येत नाही, आणि अगदी शांत जागीसुद्धा गडगडाट पंधरा-वीस किलोमीटरच्या पलीकडे क्वचितच पोचतो. पण माणसाला हे माहीत असतं. म्हणून तो दार उघडतो.

[उपग्रहाचं चित्र. अमेरिकेवर विजांचे ठिपके लुकलुकतात.]

उपग्रहाने हे सुटेल का? १९ नोव्हेंबर २०१६ ला सोडलेल्या गोज-१६ वर विजांचा नकाशा काढणारं उपकरण आहे. दर दोन मिलिसेकंदांना एक चित्र, आणि ढगातली काय, जमिनीवरची काय, दोन्ही प्रकारची वीज त्याला दिसते. अडचण एवढीच की त्याचा एक ठिपका आठ ते चौदा किलोमीटरचा. अल्डार्सच्या आतल्या वर्तुळाची त्रिज्या सव्वानऊ.

आणि एक जुनं गाठोडं आहे, ज्याची आठवण विमानतळावर कोणाला होत नाही. गडगडाट ऐकू आला तो दिवस म्हणजे गडगडाटी दिवस, अशी नोंद एकोणिसाव्या शतकापासून होत आलीय. २०१६ मध्ये विजेला हवामानबदलाच्या अत्यावश्यक घटकांच्या यादीत जागा मिळाली, तेव्हा या जुन्या वह्यांचं मोल वाढलं. त्याच वह्यांमध्ये मधेच एका पानापासून कान गेला आणि वर्तुळ आलं. वादळं वाढली की मोजणारा बदलला, हे त्या पानापाशी आधी तपासावं लागतं.

[निरीक्षक टंकतात. पडद्यावर ओळ बदलते.]

आता निरीक्षक काय करतात ते बघा. यंत्राने टीएस दिलेलं नव्हतं, त्यांनी दिलं. शेऱ्यात लिहिलं : वारंवार वीज, ढगातली, नैऋत्येला. वादळी ढग नैऋत्येला, ईशान्येकडे सरकतोय. किती वेळा, कोणत्या प्रकारची, कुठे, आणि कुठे चाललीय. शेवटचं तर या ताफ्यातलं कोणतंही उपकरण सांगू शकत नाही, आणि उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला तेच हवं असतं.

[तीन विमानतळ एकामागून एक : मोठं टर्मिनल, मध्यम टॉवर, गवतातली एकटी धावपट्टी.]

मोठ्या, वर्दळीच्या विमानतळांवर अशी ओळ दुरुस्त करणारा कंत्राटी निरीक्षक असतो. मधल्या विमानतळांवर हे काम टॉवरमधला नियंत्रक विमानं सांभाळता सांभाळता करतो, टॉवर उघडा असेपर्यंत. लहान धावपट्ट्यांवर या कामासाठी कोणाची नेमणूकच नाही. तिथे ओळ यंत्र लिहितं, आणि जशी लिहिली तशी पुढे जाते.