थाळीत आणि स्थळी

तर मंडळी, लग्नाची पत्रिका उघडा, खाली ठळक अक्षरात 'विवाहस्थळ' लिहिलेलं असतं, अमुक मंगल कार्यालय, तमुक हायवे, पार्किंगची सोय आहे वगैरे. आणि त्याच पत्रिकेत वर ज्या मुलाचं नाव चि. लावून छापलंय तो मुलगासुद्धा सहा-आठ महिन्यांपूर्वी स्थळच होता. 'एक चांगलं स्थळ सांगून आलंय' असं कुणीतरी मावशी फोनवर म्हणाली होती. म्हणजे माणूस, त्याचा पगार, टू बीएचके, घरात नणंदा किती, शेती आहे का, हे सगळं मिळून एक स्थळ, आणि हॉल पण स्थळ. दोन्ही बघायला जातात, दोन्हीचं बजेट विचारतात. आणि मग त्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की हातात येते ती थाळी. आज मला या स्थळ आणि थाळी जोडीबद्दल बोलायचंय, कारण हे दोन शब्द एकाच घरातले आहेत आणि तरी एक जागा झाला, एक भांडं झाला.

संस्कृतात स्थल किंवा स्थली म्हणजे जमीन, ठिकाण. आणि पहिल्या अक्षराला काना दिला, स्थाली, की झालं भांडं. दोघांच्या मुळाशी 'स्था' धरतात, उभं राहणं, टिकून राहणं, जागच्या जागी असणं. मराठीत येताना सुरुवातीचा स् गळाला, ल चा ळ झाला, स्थलाचं थळ झालं आणि स्थालीची थाळी. मुंबई-नाशिक रस्त्यावरचा थळघाट शाळेच्या भूगोलात पाठ केलेला असतो, अलिबागजवळचं थळ गाव खताच्या कारखान्यामुळे माहीत असतं. स्थळ हा शब्द मात्र आपण पुन्हा संस्कृतातून स् सकट आणून ठेवला, फक्त ळ आपला लावला.

बरं, स्थाली म्हणजे आजची सपाट थाळी नव्हे हां. ती शिजवायची हंडी होती, खोलगट. स्थालीपुलाकन्याय म्हणतात तो याच हंडीतला, एक शीत चेपून बघायचं आणि अख्खा भात शिजला का ते ओळखायचं. आपण म्हणतो ना, शितावरून भाताची परीक्षा, तेच. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या ग्रंथात, हा दाखला आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना, आणि आपल्या आज्ज्या आजही तेच करतात, फक्त हंडीच्या जागी कुकर आलाय आणि कुकरचं झाकण मधेच उघडता येत नाही म्हणून शिट्ट्या मोजतात. गृह्यसूत्रांमध्ये, म्हणजे घरगुती विधींच्या जुन्या ग्रंथांमध्ये, स्थालीपाक नावाचा विधी आहे, हंडीत भात शिजवून अग्नीला द्यायचा, आणि लग्नानंतर नव्या जोडप्याने करायच्या विधींमध्ये तो येतो. म्हणजे आधी स्थळ बघायचं, मग स्थालीपाक करायचा. थालीपीठ पण स्थाली अधिक पिष्ट असं लावतात.

मग हंडी सपाट कधी झाली, तर हळूहळू, वापरात. आणि सपाट झाल्यावर मराठी घरात तिला तशी जागा मिळालीच नाही, हे माझं निरीक्षण आहे. घरी कोण म्हणतं थाळी वाढ? घरी 'ताट वाढ', 'पानं घे'. थाळी ही हॉटेलात मिळते. कोल्हापुरी थाळी, मालवणी थाळी, अनलिमिटेड थाळी (तिसऱ्या पोळीनंतर वाढपी आपल्याकडे बघतच नाही ती). सरकारने २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत जेवण सुरू केलं तेव्हा तिलाही शिवभोजन थाळी म्हटलं, ताट नाही म्हटलं. ताट म्हटलं की कुणीतरी वाढणारं आलं, आग्रह आला. थाळी म्हटलं की भाव आला. मग खेळाच्या मैदानावर तीच थाळी फेकली जाते, आणि २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून वाजवली.

आणि पान! पंगतीत पान म्हणजे केळीचं पान, म्हणजे भांडं. पण 'पानावर बसा', 'भरल्या पानावरून उठू नये', इथे पान ही जागा झाली. तुम्ही पानावर थोडेच बसता, पाटावर बसता. पण ते पान, पाट, रांगोळी, समोरचा वाढपी हे सगळं मिळून पान. आणि त्या पानाला आतमध्ये पुन्हा भूगोल आहे, वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. चटणी उजवीकडे पडली की जुनी माणसं वाढणाऱ्याकडे अशी बघायची की जणू गाव चुकलं.

आता मुद्द्याचं. पाणिनीचं एक सूत्र आहे, त्याच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात, ४.१.४२. घाबरू नका, व्याकरणाचा तास घेत नाही. त्या सूत्रात अकरा शब्द दिलेत आणि सांगितलंय की यांना स्त्रीलिंगी ई कधी लावायची, तर विशिष्ट अर्थ असेल तेव्हाच, नाहीतर नुसता आ. आणि ते शब्द बघा. कुंड: भांडं असेल तर कुंडी, नाहीतर कुंडा. गोण: धान्य भरायची असेल तर गोणी, नाहीतर गोणा. स्थल: माणसाने न केलेली, निसर्गाची जमीन असेल तर स्थली, केलेली असेल तर स्थला. भाज: शिजवलेली असेल तर भाजी. कुंडी, गोणी, स्थळी, भाजी! हे सूत्र आहे की सकाळची मंडईची यादी? अडीच हजार वर्षांच्या आसपास झाली, आणि आपल्याकडे अजून झाड लावायची ती कुंडीच आहे, कांदे भरायची ती गोणीच आहे. एकाच सूत्रात भांडं आणि जागा शेजारी शेजारी बसवलेत.

कुंडी आणि कुंड हा फरक तर आपण रोज करतो. कुंडी ठेवता येते, हलवता येते, बाल्कनीतून खाली पडू शकते. कुंड हलत नाही, कुंडाकडे आपल्याला जावं लागतं. नाशिकचं रामकुंड, त्र्यंबकेश्वरचं कुशावर्त, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं. मोरीत पूर्वी दगडी कुंडी असायची पाणी साठवायला, तीच जमिनीत खणून मोठी केली की कुंड. फक्त कचराकुंडी या नियमात बसत नाही. नाव कुंडीचं आणि प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी भांडं कधीच गायब झालेलं असतं, नुसता कोपरा उरलेला असतो, पण लोक पिशवी तिथेच टाकतात आणि म्हणतात कचराकुंडीत टाकली.

आणि निघोज बघितलंय का कुणी? पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात, काळ्या बेसॉल्टमध्ये, पाण्याने दगडगोटे गोल गोल फिरवून फिरवून खड्डे पाडलेत, हजारो वर्षं. एका खड्ड्यात वाकून बघितलं तर कडेला गुळगुळीत वळसे दिसतात आणि तळाला ते गोटे अजून पडलेले असतात ज्यांनी तो खड्डा केला. पुस्तकात याला रांजणखळगे म्हणतात, रांजण म्हणजे भांडं. गावातले लोक कुंड म्हणतात, म्हणजे जागा. शेजारीच मळगंगेचं देऊळ, तिची यात्रा, सगळा त्या जागेचा कारभार कुंडाच्या नावावर. दोघांनी एकच खड्डा बघितला, एकाने त्याचा आकार बघितला, दुसऱ्याने तिथे जाणं-येणं बघितलं. मला गावाचं नाव जास्त बरोबर वाटतं, पण भूगोलाच्या पेपरात रांजणखळगेच लिहा, नाहीतर मार्क जातील.

नदीचं पात्र हा तर सरळच भांड्याचा शब्द आहे, पा म्हणजे पिणे, त्यावरून पात्र, पळी-पंचपात्रातलं पात्र ते हेच. पुण्यात मुठेच्या पात्राचं आपण स्थळ करून टाकलं, रस्ता, पार्किंग, चौपाटी. मग पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि भोंगा फिरतो, पात्रातल्या गाड्या काढा.

पण मला खरी गंमत वाटते ती शब्दांपेक्षा प्रत्ययांची. संस्कृत व्याकरणात अधिकरण नावाचं एक कारक आहे, क्रिया कशात किंवा कशावर घडते ते. त्याची काशिकेतली (पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका) उदाहरणं: चटईवर बसतो, हंडीत शिजवतो. कटे आस्ते, स्थाल्यां पचति. चटई ही जागा, हंडी हे भांडं, दोघांना एकच सप्तमी. संस्कृताला फरक करायची गरज वाटली नाही. मराठीला वाटली! आपल्याकडे 'घरी' वेगळं आणि 'घरात' वेगळं. 'घरी कुणी नाही' आणि 'घरात कुणी नाही', ऐकायला सारखं, पण बायको म्हणाली 'तो घरात नाही' तर तो अंगणात असू शकतो, 'घरी नाही' म्हटलं तर चप्पल पण नाही. भिंतीला ओल येते ती घरात येते, घरी ओल येत नाही. 'गावी गेलाय' म्हणजे त्याच्या मूळ गावी, रजा टाकून, चार दिवस फोन लागणार नाही. 'गावात गेलाय' म्हणजे येईल तासाभरात भाजी घेऊन.

म्हणजे त लावला की घर भांडं होतं, त्याला आत-बाहेर येतं. ई लावली की घर स्थळ होतं, तिथे नातं येतं. आता यादी करा ई लागणाऱ्यांची: घरी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी. कधी ऐकलंय कुणी 'माहेरात गेलीये'? 'सासरात नांदतेय'? नाही म्हणत आपण. माहेराला भिंती नसतात, पत्ता पण नसतो खरं तर, वडिलांची बदली झाली की माहेर पण बदलीच्या गावाला जातं. आणि उलट ताटात, वाटीत, कुंडीत, गोणीत, इथे ई चालतच नाही. जुन्या मराठीत चालायची, 'जळी स्थळी काष्ठी पाषाणी' आपण अजून म्हणतो, देवाबद्दल कमी आणि नवीन प्रेमात पडलेल्या पोराबद्दल जास्त.

जमिनीच्या व्यवहारातही हे थळ होतं. जुन्या गावात थळ म्हणजे एका घराण्याची वंशपरंपरेची जमीन, तिचा मालक तो थळकरी, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. गावातल्या थळांची नोंद म्हणजे थळझाडा. घराणं संपलं तरी थळाला नाव त्याच घराण्याचं राहायचं, मग ती जमीन गतकुळी. आता हे आणि 'स्थळ आलंय' शेजारी ठेवून बघा. मुलीच्या बापाला विचारायचं असतं ते हेच, की मुलगा थळकरी आहे की उपरी, स्वतःचा फ्लॅट की भाड्याचा. व्युत्पत्ती म्हणून हे सिद्ध करायला जाऊ नका, मी नुसतं शेजारी ठेवलंय.

कुंभमेळ्यातला कुंभ भांडं की जागा, असं एकाने मघाशी चिठ्ठीत विचारलंय, थोडक्यात सांगतो. कुंभ म्हणजे घडा, आणि मेळा भरतो त्या स्थळाला, त्या पर्वाला घड्याचंच नाव. पण नाशिककर घरी बोलताना सिंहस्थ म्हणतात आणि ते जास्त नेमकं आहे, कारण आपल्याकडे गुरू सिंह राशीत आला की पर्व लागतं, कुंभ राशीतला गुरू हरिद्वारचा. सिंहस्थ, म्हणजे सिंहेत उभा असलेला. पुन्हा स्था आलाच.

अजून एक प्रश्न दिसतोय, मागून, की मग वेबसाइटला संकेतस्थळ म्हणतात तर 'संकेतस्थळी भेट द्या' का नाही, 'संकेतस्थळावर' का? चांगला आहे. हे बघा, ई आणि त च्या जोडीला तिसरा वर आहे, आणि तो पाण्याशी फार जुना आहे. नदीवर, विहिरीवर, तळ्यावर, निघोजला कुंडावर. कामाला जाऊन परत यायची जागा. विहिरीवर गेली म्हणजे पाणी भरायला गेली, विहिरीत गेली म्हटलं की सगळे पळत सुटतात. इंटरनेटला आपण हाच वर लावला, कुणी शिकवलं नाही, कुठल्या समितीने ठरवलं नाही. नेटवर, साइटवर, फेसबुकवर. आणि व्हॉट्सअपच्या ग्रुपला तर दोन्ही आहेत, फोटो ग्रुपवर टाकतात पण माणसाला ग्रुपमध्ये घेतात. आणि काढतात ते ग्रुपमधून, ग्रुपवरून कुणी काढत नाही, ग्रुपवरून फक्त मेसेज डिलीट होतो.